माय का हसली, सुखदेव

सुखदेव, परवा तुझी तेरवी झाली आणि मी पुन्हा तेच केलं.

जेवणं आटोपली होती. मांडवात माणसं सुपारी कातरत बसली होती. कोणीतरी म्हणालं, "मास्तर, तुमचा जोडीदार गेला. दोन शब्द बोला." मला दोन शब्द बोला म्हणणं म्हणजे सुटलेल्या बैलाला हिरवं शेत दाखवणं. तरी खरं सांगतो, दोनच शब्द बोलून खाली बसायचं असं ठरवून उठलो होतो. घसा खाकरला. समोर सगळं गाव. आणि माझ्या तोंडून नांदुऱ्याच्या बाजाराची गोष्ट निघाली. तू वांग्याचं टोपलं घेऊन बसला आहेस, बाई निवडून निवडून वांगी घेते आहे, आणि तू खाली मान घालून तिला सांगतोस, "बाई, वरची वरचीच घ्या. खालच्याईत अळ्या हायेत." तुझ्या आवाजात सांगितली. तुझ्यासारखी मान घातली, तुझ्यासारखं टोपल्याशीच बोललो. मांडव हसला. मग मी दुसरी सांगितली. मग तिसरी. ओसरीत वत्सलावहिनी बसल्या होत्या, तेरा दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता पुन्हा रडल्या.

निघताना एक म्हातारा माझा हात धरून म्हणाला, "मास्तर, तेरवीत हसवलं बाप्पा तुमी. सुखदेवाचा आत्मा थंड झाला असंन."

मी हात जोडले, वाकलो. घरी येऊन सदरा काढता काढता ध्यानात आलं की तुझ्याबद्दल मी अर्धा तास बोललो आणि त्यात खरं असं काहीच बोललो नाही. वांग्याची गोष्ट खरी आहे. पण ती सांगून मी जे झाकलं तेही खरंच आहे. म्हणून हे लिहायला बसलो. कागद हसत नाही, हा त्याचा एक गुण.

आपली जोडी जमली ती पोथीपायी. मी सुलतानपूरकडचा, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचा. बदली होऊन रोहिणखेडच्या शेजारच्या या आपल्या गावात आलो, तेव्हा 'का' म्हणायला माझ्या 'कामून'ची आणि तुमच्या 'काऊन'ची रोज कुस्ती लागायची. पहिल्याच श्रावणात मला मारुतीच्या पारावर पोथी वाचायला बसवलं. मास्तर म्हटला की वाचणारच. पण माझ्या जिभेला लिहिलेलं कधी पुरलं नाही. राक्षसाचं वर्णन चार ओव्यांत उरकलेलं पाहून मला त्या राक्षसाचीच दया आली, आणि मी पदरच्या दोन ओव्या घातल्या. नथ्थूबुवांनी हात वर केला. गावातले सगळ्यात जुने श्रोते ते, अक्षरओळख नाही, पण सगळी पोथी कानानं पाठ.

"मास्तर, थांबा जरासे. ह्या राक्षसाले मिशा कवा फुटल्या?"

झालं. मला वाचायच्या पाटावरून उठवलं आणि तुला बसवलं. तू माळ्याचा पोर, सातवी झालेला, आणि लिहिलं आहे तसं वाचणारा. काना इकडचा तिकडे नाही. मला तुझ्या शेजारी अर्थ सांगायला ठेवलं. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा, ही पोथीची रीतच. अर्थ सांगणारा बोलत असेल तोवर वाचणाऱ्यानं ओळीवर बोट ठेवून गप्प बसायचं. अर्थ चुकला तरी मध्ये बोलायचं नाही. तुला ते जमायचं. मी लंकेतून निघून सोसायटीच्या सभेत जायचो, तिथून तलाठ्याच्या घरात, तिथून परत लंकेत, आणि तुझं बोट त्या ओळीवर तसंच, शांत.

अर्थ सांगणाऱ्याला एक सूट असते आणि एक सक्ती. सूट अशी की त्यानं वाटेल तिकडे फिरावं. सक्ती अशी की 'मला माहीत नाही' असं त्याला म्हणता येत नाही. ओवी संपली की पारावरचं प्रत्येक तोंड त्याच्याकडे वळतं. काहीतरी अर्थ निघालाच पाहिजे. या सक्तीचा मला तेव्हा फार अभिमान होता.

मग नवं राज्य झालं, जिल्हा परिषद आली, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत एक हिरवं लोखंडी कपाट आलं. त्यात पोत्यातून आलेली पुस्तकं. किल्ली तुझ्याकडे दिली, कारण नेलेलं पुस्तक परत आणणारा गावात तू एकटाच होतास. श्रावण सरला तरी लोकांची ऐकायची सवय मोडेना, म्हणून रविवारी दुपारी पंचायतीच्या ओट्यावर वाचन सुरू झालं. डाकूंच्या कादंबऱ्या, राजेरजवाड्यांच्या. रीत मात्र पोथीचीच ठेवली. तू वाचायचं, मी अर्थ सांगायचा. कादंबरीला अर्थ सांगायचा असतो का, हा प्रश्न गावात कोणालाच पडला नाही. मलाही नाही, आणि मी तर ट्रेनिंग झालेला मास्तर.

नऊ वर्षं झाली त्या गोष्टीला. मधल्या सुट्टीत तू शाळेच्या दारात आलास. एरवी येताना तुझ्या हातात मेथीची जुडी असायची. त्या दिवशी पुस्तक होतं. वरचं पान फाटलेलं, त्याच्या आतली पाच-सहा पानंही गेलेली, त्यामुळे त्याला नाव नाही आणि लिहिणारा नाही.

"मास्तर, हे वाच. एकट्यानं वाच."

"काऊन बे? डाकूचं हाय का?"

"नाई. एका पोट्ट्याचं हाय." मग माझ्याकडे न पाहता, शाळेच्या घंटेकडे पाहत तू म्हणालास, "तो पोट्टा मीच हाव."

मी दोन दिवसांत वाचून काढलं. समुद्रकाठच्या कुठल्याशा गावातला सोळा वर्षांचा मुलगा. बाप पोस्टात. घरात खायला-प्यायला आहे, कोणी मारत नाही, कोणी मेलेलं नाही. आणि तो मुलगा स्वतःच सांगतो की एके सकाळी त्याला उठता आलं नाही. चप्पल घालायचीसुद्धा त्याला धास्ती वाटते. तो भिंतीकडे तोंड करून पडतो आणि घरातल्यांची बोलणी ऐकतो. "आई विचारते, काय होतंय? मी म्हणतो, काही नाही. ते खरंच आहे. मला काही होतच नाही." पुढं म्हणतो, "मला काही दुखत नाही, म्हणून मला कोणी औषध देत नाही."

त्याच आठवड्यात तुझ्या मळ्यात, मोटेचं पाणी पडतं त्या विहिरीच्या थारोळ्यावर पाय सोडून तू मला तुझं सोळावं वर्ष सांगितलंस. तीन महिने तू मळ्यातल्या खोपीत पडून होतास. वांगी झाडावर पिवळी पडली, फुटली, आणि तू ती पाहत होतास. लोक म्हणाले, बाहेरचं आहे. तुझ्या मायनं, गंगामायनं, तुला चिखलीकडच्या एका दर्ग्यावर नेलं. "तिथचे लोक चांगले होते मास्तर. मले पाणी पाजलं. एकानं माहं डोकं मांडीवर घेतलं. पण त्याईलेबी माहीत नोतं मले काय झालं ते." तू पोटात असताना बोललेला एक नवस फेडायचा राहून गेला होता, हे गंगामायला तिथे आठवलं. तू पुढं आपोआप उठलास. कशानं उठलास ते कोणालाच कळलं नाही. पण तिनं मनाशी पक्कं केलं, की पोराचं जे झालं ते माझ्या चुकीनं झालं, आणि तेव्हापासून पायात वहाण घालायची सोडली. वैशाखात काळी माती तव्यासारखी तापते, तिच्यावरून ती अनवाणी भाजीचं टोपलं वाहायची.

"तिले सांगत का नाहीस, की तुझा दोष नव्हता म्हणून?" मी विचारलं.

"किती डाव तोंड उघडलं. शब्दच नाई निंघत. मीच सांगतलं तं तिले वाटन, पोरगं माह्यी समजूत काढून राह्यलं." मग तू पुस्तकाच्या शेवटाकडची एक जागा उघडलीस. "हे पाह्य. इथं तो पोट्टाच सांगते. तो तिचा कोणी नाई. त्याचं खरं वाटन तिले."

त्या पानावर लिहिलं होतं, "आईनं काही केलं नाही. तिनं देवाचं सगळं वेळच्या वेळी केलं असतं, तरी माझं हे झालंच असतं. हे तिला कोणीतरी सांगा. माझ्यानं होत नाही."

गंगामाय दर रविवारी ओट्याच्या खांबाशी बसून वाचन ऐकायची. तुला तिला तेवढं पान ऐकवायचं होतं. पण आधीचं ऐकल्याशिवाय ते पान कळलं नसतं. म्हणून तू म्हणालास, "चार-पाच रविवार लागतीन. लोकाईले कंटाळा येईन. तू फक्त धरून ठेव त्याईले. अन् अर्थ सरळ सांगजो मास्तर. तिले समजंन असा."

"एवढंच ना?" मी म्हणालो. "काळजी कायले करतो?"

आता तुला जे कधीच सांगितलं नाही ते सांगतो. त्या पुस्तकात एका ठिकाणी तो मुलगा म्हणतो, "पाहुणे आले की मी बरा होतो. हसतो, बोलतो, नकला करतो. पाहुणे गेले की पुन्हा भिंतीकडे तोंड." हे वाचलं आणि मी पुस्तक पालथं घातलं. उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या.

मी सोळा वर्षांचा असताना बुलढाण्याला मामाकडे शिकायला होतो. दोन महिने मी शाळेत गेलोच नाही. रोज डबा घेऊन निघायचो, घाटाच्या तोंडाशी एका झाडाखाली बसायचो, शाळा सुटायच्या वेळी परत यायचो. कोणी मला काही केलं नव्हतं. लोकांचं बोलणं मला भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू यायचं. डबा मी कुत्र्यांना घालायचो. मामीला वाटायचं, भाच्याला भूक चांगली आहे. मग एकदा बाजारात मी लंगड्या बैलाची आणि त्याची तारीफ करणाऱ्या दलालाची नक्कल केली, चार पोरं हसली, आणि त्या हसण्यानं कुठंतरी बारीकशी फट पडली. दुसऱ्या दिवशी मी आणखी चार पोरं जमवली. त्यानंतर आजपर्यंत मी थांबलेलो नाही. त्या पुस्तकातल्या मुलात आणि माझ्यात फरक इतकाच, की मी आयुष्यात पाहुण्यांना जाऊच दिलं नाही.

तू मला पुस्तक दिलंस तेव्हा म्हणालास, तो पोट्टा मीच हाव. मी परत दिलं तेव्हा मला नुसतं 'मीबी' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. मी म्हणालो, "बरं लिहिलंय."

पहिला रविवार. तू वाचायला लागलास. ओट्यावर चाळीसेक माणसं, नथ्थूबुवा पुढं, गंगामाय खांबाशी वालाच्या शेंगा सोलत. तुझा आवाज नेहमीसारखाच, पण पानाची कड धरलेलं तुझं बोट पांढरं पडलेलं मला दिसत होतं. मुलगा चार दिवस उठला नाही, इथपर्यंत तू आलास. लोक चुळबुळायला लागले. तलवार नाही, घोडा नाही, बाई नाही. नथ्थूबुवांनी हात वर केला.

"सुखदेवा, हे सगळं ठीक हाय. पण त्याले झालं काय?"

तू ओळीवर बोट ठेवलंस आणि माझ्याकडे पाहिलंस. सगळ्यांनीच पाहिलं. अर्थ सांगणाऱ्याची पाळी.

मला सरळ सांगायचं होतं, सुखदेव. 'त्याला काही झालं नाही आणि तरी तो आजारी आहे,' असं वाक्य मी घरून घोकून आलो होतो. तोंड उघडलं. पुढचा शब्द काढला तर आवाज फुटेल, आणि आवाज फुटला तर या चाळीस माणसांसमोर मी तो मुलगा होईन, एवढंच मला कळलं. आणि जीभ माझ्या आधी पळाली.

"झालं काय? बुवा, त्याले झाला बिनकामाचा ताप! अन् त्याचं औषध दूर नाई. ह्या आपल्या सुखदेवाच्या मळ्यात धाडून द्या. चार दिवस कांदे निंदाले बसवा. पाचव्या दिवशी गादी दाखवली तरी पोट्टा वावराकडं पळंन!"

ओटा फुटला हसून. मी तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी ओट्यावर आडवा झालो. भिंतीकडे तोंड केलं, पाय पोटाशी घेतले, आणि पुण्याकडच्या बारीक आवाजात ओरडलो, "आई गं! मला काहीच होत नाहीये गं! वैद्यांना बोलवा!" माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. नथ्थूबुवांना ठसका लागला. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो आणि मागून तो सगळा आवाज येत होता, आणि मला फार बरं वाटत होतं. हे मी कबूल करतो.

उठून पाहिलं तर गंगामायसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती. तू तिच्याकडेच पाहत होतास.

हसणं थांबेपर्यंत तू बोट हलवलं नाहीस, रीतीप्रमाणे. मग पुढची ओळ वाचलीस. लोक हसले. त्यापुढची वाचलीस, हसले. आता त्या मुलाचं प्रत्येक वाक्य त्यांच्यासाठी विनोद झालं होतं. 'मला काही दुखत नाही, म्हणून मला कोणी औषध देत नाही' याला तर टाळ्या पडल्या. तू पान संपवलंस आणि म्हणालास, "आज इतकंच." पुढच्या रविवारी तू डाकूचं पुस्तक आणलंस.

त्या रविवारच्या आदल्या दिवशी मी मळ्यात आलो होतो. तू कांद्याला पाणी देत होतास.

"मास्तर, तिकडून नोको येऊ. तिथं आत्ताच पाणी सोडलं, पाय फसंन."

मी बांधावरून बोललो. "अरे, हसले लोक, तर बिघडलं काय? पुढच्या रविवारी सांगतो ना नीट. ऐकणाऱ्याचं मन आधी हलकं कराव लागते. कीर्तनकार पाह्य, बतावणी आधी करतो अन् मग..."

तू फावड्यानं दांड फोडलास, दुसऱ्या वाफ्यात पाणी वळवलंस. "लोकाईचं नाई म्हणत मी. मायबी हसली."

"म्हणजे तिले आवडलं."

"हाव. तिले गंमत वाटली. मले वाटे, तिले समजंन." थोड्या वेळानं म्हणालास, "जाऊ दे मास्तर. मेथी घेऊन जा, कोवळी हाय."

तू भांडला असतास तर! शिव्या दिल्या असत्यास, एखाद्या श्रावणात माझ्या शेजारी बसायचं नाकारलं असतंस, तर मला माफी मागायला जागा मिळाली असती. तू जुडी बांधून दिलीस. ती घरी नेऊन मी भाजी करायला सांगितली आणि जेवताना बायकोला म्हणालो, सुखदेव काही मनावर घेत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी माझी बदलीची ऑर्डर आली. तू तीन दिवस मळा सोडून घरोघर हिंडलास, मास्तर इथेच ठेवा म्हणून अर्जावर लोकांचे अंगठे घेतलेस, आणि तो अर्ज घेऊन स्वतः बुलढाण्याला गेलास. साहेबांनी विचारलं, या मास्तरात असं काय आहे? तू म्हणालास, "साहेब, हा गेला तं गावात कोणी हसनार नाई." माझी बदली रद्द झाली. ही गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे, साहेबाच्या आवाजासकट. ती तू कोणत्या वर्षी केलीस हे मात्र कधी सांगितलं नाही.

आणि ते नऊ श्रावण. तू वाचत होतास, मी अर्थ सांगत होतो, माझ्या प्रत्येक थट्टेला पहिलं हसू तुझं असायचं. मी कितीदा ठरवलं, आज घरी जाताना सांगू. पण घरी जाताना तू एखादा किस्सा विचारायचास, आणि किस्सा विचारल्यावर मी दुसरं काय करणार? आता वाटतं, तू मुद्दाम विचारायचास. माझ्या मनात काय आहे ते तुला दिसत असेल, आणि मला त्रास नको म्हणून तूच मला पळायला वाट करून देत असशील. की हाही मीच लावलेला अर्थ? विचारायला आता तू नाहीस.

काविळीनं तुला नऊ दिवसांत नेलं. सातव्या दिवशी मी बुलढाण्याच्या दवाखान्यात आलो. तू पिवळा पडला होतास, हळदीचा नवरदेव जसा, आणि मी ते तुला म्हणालोसुद्धा. शेजारच्या खाटेवरचे हसले. मग काय, मी तिथल्या जेवण वाढणाऱ्याची चाल करून दाखवली, इंजेक्शन पाहून पळणाऱ्या पाटलाची गोष्ट सांगितली. सगळी खोली उजळली. तूही हसलास. मग दम लागला म्हणून डोळे मिटलेस आणि म्हणालास, "मास्तर, ते बिननावाचं पुस्तक असंन का कपाटात अजून?"

"असेल की. जाते कुठं?"

"मी मेल्यावर..."

"ए! मरायच्या गोष्टी करायच्या असतील तर आधी उधारीची मेथी परत घे!" पुन्हा खोली हसली. तू काही बोलणार होतास. मी एस.टी.ची वेळ झाली म्हणून उठलो. तू म्हणालास, "थांबनं जरासा." मी म्हणालो, "परवा येतो ना." परवा तू नव्हतास.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी वत्सलावहिनींकडून किल्ली घेतली, कपाट उघडलं. पुस्तक खालच्या कप्प्यात होतं. ते घेऊन तुझ्या घरी आलो. ऊन उतरत होतं. गंगामाय ओसरीत एकटीच बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि काही प्रस्तावना न करता ते पान काढून वाचलं. पदरचा शब्द घातला नाही. "आईनं काही केलं नाही. तिनं देवाचं सगळं वेळच्या वेळी केलं असतं, तरी माझं हे झालंच असतं. हे तिला कोणीतरी सांगा. माझ्यानं होत नाही."

तिनं पुस्तकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्या भिताडावाल्या पोट्ट्याचं हाय ना हे?"

मी चमकलो. "आठवते तुले?"

"न आठवाले काय झालं? सुखदेवानं पह्यलं पान वाचलं तवाच मी ओळखलं. म्हटलं, हे तं माह्या लेकराचं लिहून ठेवलं कोणी."

"मंग हसली काऊन माय?"

"तू लोळला, सगळे हसले. नथ्थूबुवा तेवढा माह्याकडं पाहून राह्यला होता. त्याले सुखदेवाचं ते खोपीतलं पडणं याद होतं. मी नसती हसली, तं समद्याईनं मान वळवून सुखदेवाकडं पाह्यलं असतं. भर ओट्यावर. म्हणून हसली." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "जीव जाऊन राह्यला होता अन् हसून राह्यली होती."

"अन् घरी? घरी त्याले काऊन नाई म्हटलं?"

"कशी म्हणू? भरलेला घाव कोणी उकरते का बाप्पा? मी इचारलं, अन् पोरगं पुन्हा पडलं असतं तं?" मग तिनं माझ्याकडे पाहिलं. गंगामायची नजर तू जाणतोस. "माह्यं जाऊ दे. मी अडाणी. तुले तं त्यानं सांगतलं होतं ना? तू कायले हसवलं?"

तीस वर्षं मी कोणत्याही प्रश्नाला उत्तर देत आलो आहे, सुखदेव. त्या वेळी जिभेवर दोन-तीन उत्तरं आली, त्यातलं एक तर बरंच गमतीदार होतं. मी ती गिळली.

"मीबी तसाच होतो, माय. सोळाव्या वर्षी. मले भेव वाटलं."

"त्याले ठाऊक होतं?"

"नाई."

तिनं मान हलवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, हे मी दुसऱ्यांदा म्हणतो आहे. ती फक्त मोजल्यासारखी बोलली. "म्हणजे तो होता, तू होता, अन् मी होती. तिघं एकाच ओट्यावर. अन् माहं लेकरू समजत गेलं, का आपून एकटेच हावो."

सुखदेव, तू एकटा नव्हतास. एवढंच म्हणायचं होतं. ते म्हणायला मला नऊ वर्षं मिळाली होती, आणि वर दवाखान्यातला अर्धा तास.